उताणं पडून पाळलेली फुलपाखरं

मणक्याला टीबी होतो हे मला माहीतच नव्हतं. टीबी म्हणजे खोकला, टीबी म्हणजे वाळलेला माणूस, एवढंच डोक्यात. मला खोकला नव्हता आणि मी चांगली जाडजूड होते. त्यामुळं सात-आठ महिने पाठ दुखली तरी मी तिला नुसती पाठदुखी समजत राहिले. तुमच्यापैकी कुणाची पाठ अशी दुखत असेल, झोपून राहिलं तरी दुखत असेल, संध्याकाळी अंगात बारीक कणकण येत असेल, तर इथंच थांबा आणि आधी चांगल्या डॉक्टरला दाखवा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

ही १९९८ सालची गोष्ट. मी एकतीस वर्षांची. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं घर आणि घराला लागूनच दीपाच्या पप्पांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, मोटर वाइंडिंगचं दुकान. जळालेल्या मोटरींत नवी तांब्याची तार भरून द्यायचं काम. दुकानाच्या पुढच्या बाजूला काचेची केबिन करून एसटीडी बूथ काढला होता, तिथं मी बसायची. सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत, पाठ नसलेल्या स्टुलावर. घरात आम्ही दोघं, पाच वर्षांची दीपा आणि सासूबाई. सासूला आमच्यात आत्ती म्हणतात.

सगळा दोष त्या स्टुलावर गेला. स्टूल बदललं, खुर्ची आली. गल्लीतल्या डॉक्टरनं इंजेक्शनं दिली. एक म्हातारबाबा नस चोळून देतो म्हणून कुणीतरी सांगितलं. त्यानं गुडघा रोवून पाठ चोळली आणि मी दोन दिवस अंथरुणातून उठले नाही. आज त्याची आठवण आली की अंगावर काटा येतो.

मे महिन्यात एका दुपारी बूथमध्ये एकाचा फोन संपला. मी उठून त्याला बिलाची चिठ्ठी द्यायला चार पावलं गेले. तो माझ्या पायांकडं बघत म्हणाला, "वहिनी, चप्पल मागं ऱ्हायली की तुमची."

मी वळून बघितलं. डाव्या पायातली चप्पल स्टुलाजवळ पडली होती. ती निघाल्याचं मला कळलंच नव्हतं.

चार वाजता येते म्हणून गेले

मिरजेला नेऊन स्कॅन काढला आणि ती फिल्म घेऊन कोल्हापुरात हाडांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी ती उजेडावर धरली. "हे दोन मणके बघा. खाल्लेत. इथं पू साठलाय, तो पायांच्या नसांवर दाबतोय. टीबी आहे."

दीपाच्या पप्पांनी विचारलं, "पसरतो का?"

हा त्यांचा पहिला प्रश्न. "बरी हुईल का" हा दुसरा. दोन्हींच्या मध्ये फार तर अर्धं मिनिट गेलं असेल, पण ते अर्धं मिनिट मी पुढं वर्षभर मनात धरून होते. आज कळतं, माणूस घाबरला की तोंडाला येईल ते आधी बोलतो. तेव्हा कळत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "छाती साफ आहे. ह्यांच्यापासून कुणाला काही होणार नाही. पण आता ह्यांना चालवायचं नाही. इथंच ठेवा."

घरातून निघताना दीपा भात जेवत होती. तिला मी चार वाजता येते म्हणून सांगितलं होतं. मी तीन आठवड्यांनी घरी आले, तेव्हा ती घरात नव्हती.

टाचणी

दवाखान्यात साडेपाचला फिनेलच्या वासानं जाग यायची. मला स्वतःहून कुशीवर वळायला मनाई होती. दर दोन तासांनी चौघंजण यायचे, चादरीचे कोपरे धरायचे आणि "एक, दोन, तीन" म्हणून मला ओंडक्यासारखं अख्खं वळवायचे. त्या चौघांत एक वॉर्डबॉय होता, तो दर वेळी "वहिनी, निघालो बरं का" म्हणायचा. बाकीचे तिघं नुसतं वजन उचलायचे. माणसाला माणूस म्हणायला किती थोडं पुरतं, हे मी तिथं शिकले.

गोळ्या सुरू झाल्या त्या दिवशी लघवी लालभडक झाली. आता आतून सगळं फुटलं असं समजून मी हुंदके देऊन रडले. सिस्टर धावत आली आणि भांडं बघून म्हणाली, "गोळीचा रंग आहे ओ तो." हे आधी सांगायला कुणाला सुचलं नव्हतं. म्हणून मी इथं सांगते. त्या गोळीनं लघवी लाल होते, घाबरू नका.

रोज सकाळी एक तरुण डॉक्टर यायचा. मी डोळे मिटायचे, तो टाचणीनं पाय टोचायचा आणि विचारायचा, "कळतंय?" डाव्या पायाचं मला काही कळत नव्हतं. पण कळत नाही म्हटलं की ऑपरेशन, एवढं मी ऐकलं होतं. ऑपरेशनला मी इतकी भ्यायले होते की अंदाजानं "व्हय" म्हणायची. टोचायची त्याची लय मला पाठ झाली होती.

चौथ्या दिवशी त्यानं विचारलं, "कळतंय?"

"व्हय."

पुढं आवाज नाही. मी डोळे उघडले. तो हात मागं बांधून उभा होता. त्यानं टोचलंच नव्हतं.

शेजारच्या खाटेवर चंदगडकडची पार्वतीबाई होती, काजूच्या झाडावरून पडून मांडी मोडलेली. तिनं सगळं बघितलं होतं. डॉक्टर गेल्यावर ती म्हणाली, "बाई, खोटं कुणाला सांगालीस? पाय तुझा हाय."

दुसऱ्या दिवशी मी खरं सांगितलं. ऑपरेशन झालं, पू काढला. डॉक्टर म्हणाले, आता पाच महिने फळीवर उताणं पडायचं आणि दीड वर्ष गोळ्या. पाय किती सुधारेल ते आत्ता सांगता येत नाही.

लाल दोऱ्याचा पेला

घरी आले तेव्हा मधल्या खोलीत लाकडी फळी टाकून ठेवली होती. माझं ताट, तांब्या, पेला वेगळा. ओळखू यावं म्हणून तिन्हींना लाल दोरा. दीपाला गडहिंग्लजला माझ्या आईकडं पाठवलं होतं. मला विचारलंही नव्हतं.

"डॉक्टर म्हणाले की, हा पसरत न्हाई," मी आत्तींना सांगितलं.

"डॉक्टरला काय हुतंय म्हणायला," आत्ती म्हणाल्या. "पोर माझी हाय."

माझ्याशी त्या अशा बोलायच्या आणि दिवसातून सहा वेळा माझं भांडं काढायच्या. अंग पुसायच्या. केस विंचरून वेणी घालायच्या, तीही मानेला धक्का न लावता. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्या हातांची वाटही बघायची मी. दोन्ही एकाच वेळी. आजारपणात घरातली माणसं चांगली की वाईट असं काही ठरवता येत नाही. ती दमलेली असतात.

दीपाचे पप्पा दारात उभं राहून "बरं हाय का?" विचारायचे. उंबऱ्याच्या आत फारसे यायचे नाहीत.

एका दुपारी उचगावच्या वन्सं आल्या, माझी थोरली नणंद. दार अर्धं उघडं होतं. बाहेर त्या भावाला म्हणाल्या, "तिला आपली माहेरी पाठव. दोन-दोन वर्षांचं दुखणं म्हंजे तू काय करणार? तुझं वय काय झालंय असं?"

दीपाचे पप्पा ब्लेडनं तारेवरचं वार्निश खरवडत होते. तो कर्र कर्र आवाज थांबला नाही. पण ते काही बोललेही नाहीत. मी वाट बघत राहिले. पंखा फिरत होता, कर्र कर्र चालू होतं आणि माझा नवरा गप्प होता.

शेवटी आत्ती बोलल्या. "चहा घे आणि वाटंला लाग. तिचं मी बघतो."

अळी

ऑगस्टमधली गोष्ट. आत्ती माझ्या दारात बसून कढीपत्त्याची पानं ओरबाडत होत्या. त्यांना चटणी करायची होती. एकदम म्हणाल्या, "ई! पाखरानं घाण केलीय पानावर." मग जरा जवळ धरून, "अगं बाई, ही हालती की!"

त्यांनी पान जमिनीवर टाकलं आणि वरवंटा घ्यायला हात लांबवला.

"आत्ती, मारू नका," मी म्हणाले. "हिकडं द्या."

का म्हणाले ते मला अजून सांगता येत नाही. मला किड्यांची काही आवड नव्हती. शाळेत बेडूक कापायचा तास मी चुकवला होता. पण अडीच महिन्यांत त्या खोलीत पंख्याशिवाय काही हललेलं नव्हतं.

"डोस्कं फिरलं तुझं," म्हणत आत्तींनी ते पान काचेच्या बरणीत टाकलं, तोंडाला मलमलचा तुकडा बांधला आणि बरणी माझ्या कानाशी स्टुलावर ठेवली. मला मान वळवायची तेवढी मुभा होती. वीतभर अंतरावर ती अळी होती. खरोखर पाखराच्या शिटेसारखी, काळपट, मधे पांढरा डाग. दुपारभर मी तिला पान खाताना बघितलं. कडेनं सुरुवात करायची, डोकं वरून खाली आणायचं, परत वर. एका रेषेत. चार वाजता आत्ती चहा घेऊन आल्या तेव्हा मला लक्षात आलं की दुपारभर मी पायाचा विचार केला नव्हता.

आठवड्यात ती हिरवी झाली, बोटाएवढी. मग आत्तींनी शेजारच्या परसातल्या झाडावरून आणखी चार आणल्या. "एकटीला करमायचं न्हाई," म्हणाल्या. मला म्हणाल्या की अळीबद्दल, कळलं नाही.

एकीला आत्तींनी काडी लावली तर तिनं डोक्यामागून दोन लाल शिंगं बाहेर काढली आणि खोलीत ईडलिंबाचा उग्र वास सुटला. आत्ती मागं सरकल्या. "शिंगं काढती की ही! कुठली म्हणायची ही आवदसा?"

आम्हाला काही येत नव्हतं. पानं ताजी राहावीत म्हणून मी बरणीत पाण्याची वाटी ठेवायला सांगितली आणि दोन अळ्या त्यात बुडून मेल्या. पुढं वाटीला कापडाचं तोंड बांधून त्यातून डहाळी खोचायची, हे जमलं. खालचे काळे दाणे, म्हणजे त्यांची घाण, रोज झटकून टाकायची, नाहीतर बुरशी धरते. एक दिवस पहिल्या अळीनं खाणं सोडलं, बरणीभर फिरली, मग डहाळीला शेपूट चिकटवून, पाठीमागून एक धागा गुंडाळून तिनं स्वतःला बांधून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिथं हिरवा कोष होता.

आत्तींनी वाकून बघितलं, मग खुंटीकडं. तिथं दवाखान्यातून आणलेला माझा कमरेचा पट्टा टांगलेला होता, मला उभं करतील त्या दिवसासाठी. "बघ, तिनं बी पट्टा बांधला," म्हणाल्या. त्या दिवशी आम्ही दोघी पहिल्यांदा एकत्र हसलो. मला हसलं की पाठीत कळ यायची. तरी हसले.

मी वळले नाही

कोषाचा रंग काळा पडला की दुसऱ्या दिवशी फुलपाखरू निघतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. एका सकाळी साडेनऊच्या सुमाराला आत्ती भाजी आणायला गेल्या होत्या. दुकानात ग्राइंडर चालू होता. कोष वरून उकलला आणि आतून ओलं, चुरगळलेलं काळं काहीतरी बाहेर आलं. त्याला वर चढून लटकायला हवं होतं, म्हणजे पंख खाली सुटून पसरतात. पण त्या धडपडीत डहाळी वाकली आणि ते बरणीच्या तळाला पडलं. काचेवरून पाय घसरत होते. चढायचं, घसरायचं. चढायचं, घसरायचं.

बरणी माझ्या डोक्यापासून वीतभर लांब होती. कुशीवर वळले असते तर हात पोचला असता. मी हाका मारल्या. "आत्ती! अहो!" ग्राइंडरच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. डॉक्टरांचे शब्द कानात होते, एक चुकीचं वळण आणि पाय गेला.

मी वळले नाही. तासभर ते पंख वाकडे वाळताना मी बघत राहिले.

आत्ती आल्या तेव्हा मी रडून रडून उशी भिजवली होती. त्यांना वाटलं पाठ गेली. मी बरणी दाखवली. त्यांनी ते फुलपाखरू पदरावर घेतलं. एक पंख सरळ, दुसरा जळलेल्या कागदासारखा गुंडाळलेला. सहा दिवस त्या कापसाच्या बोळ्यानं त्याला साखरेचं पाणी पाजत होत्या. सातव्या दिवशी ते मेलं. मी पाठ वाचवली हे बरोबरच केलं, असं सगळ्यांनी सांगितलं. बरोबरच होतं. तरी ती सकाळ आठवते.

त्यानंतर दोन दिवसांनी दीपाचे पप्पा दुकानातून एक पेटी घेऊन आले. लोखंडी सळीची चौकट, चारी बाजूंनी डासांची जाळी, वर झाकण. कुणी सांगितलं नव्हतं. ते उंबऱ्याच्या आत आले, पेटी स्टुलावर ठेवली आणि खाली माझ्या फळीला टेकून बसले.

"जाळी बारीक हाय," ते म्हणाले. "पाय धरायला मिळंल."

बराच वेळ पेटीचं झाकण उघडून-लावून बघत राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी अक्का बोलली. मी गप बसलो."

"ऐकलं मी."

"ऐकलंस व्हय."

दुसऱ्या दिवसापासून ते दुपारचं जेवण माझ्या शेजारी बसून करायला लागले.

पिवळे डोळे

आत्ती नव्या अळ्या आणत राहिल्या आणि जाळीच्या पेटीतून चार फुलपाखरं नीट निघाली. काळी, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. खिडकीतून सोडली की गल्लीतल्या तारांवरून वर जायची. मला वाटलं आता सगळं सरळ चाललंय.

ऑक्टोबरात उलट्या सुरू झाल्या. पाण्याच्या वासानंही मळमळायचं. डोळे पिवळे झाले. गोळ्यांनी लिव्हर सुजलं होतं. डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या बंद केल्या. म्हणाले, रक्त सुधारल्यावर एक-एक करून परत सुरू करू. मी मनात म्हणत होते, तोवर आतला टीबी काय स्वस्थ बसणार आहे? पायाला मुंग्या आल्या की वाटायचं, खातोय. पाय थंड पडला की वाटायचं, खाल्ला.

पेटीत तेव्हा सहा कोष होते. मी तिकडं मान वळवली नाही. एक दिवस आत्ती म्हणाल्या, "ह्याला भोक पडलंय गं." एका कोषाच्या कुशीत गोल भोक होतं आणि जाळीवर एक बारीक, लांब पायांची गांधीलमाशीसारखी माशी चालत होती. तिनं आधीच अळीच्या अंगात अंडं घातलं असणार. अळी खात राहिली, कोष केला, बाहेरून अगदी चांगला दिसला, आणि आतून तिला दुसरंच कोणी खात होतं.

माझा बांध फुटला. "टाका ते सगळं बाहेर," मी ओरडले. "आणि मला गडहिंग्लजला पाठवा. वन्सं म्हणतात तेच बरं. हितं पडून मरण्यापेक्षा पोरीच्या जवळ तरी मरंन."

आत्तींनी पेटी उचलली नाही. त्या खाली बसल्या. आणि त्यांनी जे सांगितलं ते दीपाच्या पप्पांनाही ठाऊक नव्हतं.

त्यांची एक धाकटी बहीण होती, गौरा. तिला छातीचा टीबी झाला. तेव्हा खेड्यात औषध नव्हतं. गोठ्याच्या कडेला तिची खाट टाकली होती. आत्ती तेव्हा बारा वर्षांच्या. त्यांनी दारात ताट ठेवायचं आणि मागं न बघता पळत यायचं, असं त्यांच्या आईनं सांगितलं होतं.

"ती हाक मारायची," आत्ती म्हणाल्या. "अक्का, जरा बस की. लांब बस, पर बस. मी पळायचो. एकदा बी मागं बघितलं न्हाई मी."

आत्तींनी पदरानं नाक पुसलं.

"तुझी पोर लांब ठिवली ते चुकलं आसंल माझं. पर मी तुला टाकून पळणार न्हाई. आणि तू बी मरायचं नाव काढायचं न्हाई. मला आता पळायचं वय ऱ्हायलेलं न्हाई."

मग त्यांनी ती माशी चिमटीत धरून खिडकीबाहेर टाकली आणि उरलेल्या कोषांची पेटी माझ्या जवळ सरकवली. पाचांतून तीन फुलपाखरं निघाली. दोन नुसतीच सुकून गेली.

तीन आठवड्यांनी गोळ्या परत सुरू झाल्या. या वेळी झेपल्या.

दारातली मुलगी

डिसेंबरात मला पट्टा बांधून उभं केलं. पहिल्या दिवशी खोली गरकन फिरली. दहाव्या दिवशी वॉकर धरून दारापर्यंत गेले. त्याच महिन्यात दीपा परत आली. मी पलंगावर पट्टा बांधून, केस नीट करून बसले होते. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं.

ती दारात थांबली. उंच झाली होती. मी हात पुढं केले. ती मागं सरकून आत्तींच्या लुगड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "अव्वा कुठाय? मला अव्वाकडं जायचंय." अव्वा म्हणजे माझी आई.

तिचा काही दोष नव्हता. आईला शिवायचं नाही, असं तिला निघताना सांगितलं होतं आणि पोरीनं ते मनापासून पाळलं होतं. आता आत्ती स्वतः म्हणत होत्या, "जा की, काय हुत न्हाई." पण पाच वर्षांच्या पोरीच्या डोक्यात घातलेलं भय असं सांगून निघत नाही. ती शेजारी जेवायची, बोलायची, पण मधे हातभर जागा ठेवून. झोपायची आत्तींजवळ. मी तिला जबरदस्तीनं ओढायचं नाही, एवढं ठरवलं. तेवढंच माझ्या हातात होतं.

मला वाटलं होतं, अळ्या दाखवून तिला जवळ आणीन. मोठ्या उत्साहानं पेटी उघडून एका अळीला हलकंसं डिवचलं. अळीनं लाल शिंगं काढली आणि दीपा किंचाळत बाहेर पळाली. पुढं सहा महिने ती त्या स्टुलाच्या जवळ आली नाही.

पुढच्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी आत्ती अंघोळीला गेल्या होत्या. पेटीत एक फुलपाखरू नुकतंच निघालेलं. पंख अजून ओले, मऊ. मी झाकण उघडायला आणि त्याची पकड सुटायला एकच गाठ पडली. ते जमिनीवर पडलं, भिंतीच्या कडेला. तिथं मुंग्यांची रांग होती.

पट्टा बांधला की वाकता येत नाही. गुडघ्यावर बसता येत नव्हतं. मी भिंतीला धरून उभी होते आणि पहिली मुंगी त्याच्या पायापर्यंत पोचली होती.

दीपा दारात होती.

"दीपा," मी म्हणाले, "मला वाकता येत न्हाई."

"शिंगं काढतंय काय ते?"

"न्हाई. फुलपाखराला तसली शिंगं नसतात."

ती आली. बसली. मुंगी फुंकरीनं उडवली. बोट पुढं केलं आणि फुलपाखरू त्यावर चढलं. तिनं श्वास रोखून ते वर आणलं. आता ते माझ्या हातावर यायला हवं होतं, म्हणून तिला तिचं बोट माझ्या बोटाला लावावं लागलं. लावलं. फुलपाखराला काही घाई नव्हती. एक पाय उचलायचं, थांबायचं. परत मागं घ्यायचं. आम्ही दोघी बोटाला बोट लावून तशाच उभ्या राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. ते माझ्या हातावर गेल्यावरही तिनं बोट काढलं नाही.

त्या दुपारी ती माझ्या शेजारी झोपली. पट्ट्याला नाक लावून.

आता

दीड वर्षानं गोळ्या संपल्या. डावा पाय थोडा ओढत चालतो, म्हणून मागून पट्टी असलेलीच चप्पल घालते. पाठीत लहानसा उंचवटा राहिलाय, तो ब्लाउजमधून दिसतो. आत्ती अजून आहेत आणि अजून तशाच बोलतात. कढीपत्त्याची तीन झाडं आता आमच्याच गच्चीवर कुंड्यांत आहेत. दर पावसाळ्यात पेटी भरते.

लोक म्हणतात, तू कोषातून बाहेर आलीस. मला ते पटत नाही. अळी आजारी नसते. तिला ठाऊक असतं काय करायचं ते. मला काहीच ठाऊक नव्हतं आणि मला बाहेर काढायला चार माणसं लागली. त्या अळ्यांनी मला बरं केलं नाही, गोळ्यांनी केलं. एकही गोळी चुकवू नका. अळ्यांनी एवढंच केलं की उद्या सकाळी बघण्यासारखं काहीतरी असायचं.

२००३ मध्ये माझ्या डॉक्टरांनी विचारलं, एका बाईला भेटाल का? कबनूरला राहते, तुमचंच दुखणं, कुणाशी बोलत नाही. दीपाचे पप्पा मला स्कूटरवरून घेऊन गेले. भिंतीपलीकडं कापड विणायचे माग चालू होते, खटखटाटात मोठ्यानं बोलावं लागत होतं. सव्वीस वर्षांची सुवर्णा फळीवर उताणी पडली होती. तीन वर्षांची मुलगी तिच्या नणंदेकडं ठेवलेली.

मी तिला लाल लघवीचं सांगितलं, पथ्याचं सांगितलं. तिनं विचारलं, "चालता येतंय तुम्हास्नी?" मी खोलीत दोनदा फिरून दाखवलं. माझा पाय ओढला जातो तेही तिनं नीट बघितलं. मग तिनं विचारलं, "पोरगी जवळ येती का?"

तिला धीर द्यायचा म्हणून मी येताना बरंच काही ठरवलं होतं. लगेच आली, पळत आली, असं म्हणणार होते. तिच्याकडं बघून मला ते जमलं नाही.

"सव्वा वर्ष लागलं," मी म्हणाले.

तिच्या डोळ्यांच्या कडांनी पाणी कानांकडं उतरलं. उताण्या माणसाचं तसंच उतरतं. ओठ हलत होते, महिने मोजत असावी. मागांच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही म्हणून मी जवळ वाकायला गेले, तर तिनंच आवाज चढवला.

"म्हंजे येती," ती म्हणाली.